पाणी बदललं आणि कोळंबी मेली

घरच्या काचेच्या टाकीत हल्ली माशांच्या जोडीला गोड्या पाण्यातली शोभेची कोळंबी दिसू लागली आहे. त्यात सर्वाधिक खपाची म्हणजे लाल ‘चेरी’. निओकॅरिडिना डेव्हिडी हे तिचं शास्त्रीय नाव; मूळ चीन-तैवानच्या ओढ्यांतली, जेमतेम इंच-सव्वा इंचाची, दीड-दोन वर्षं जगणारी. निसर्गात ती मातकट रंगाची असते, लाल-पिवळे रंग निवडक पैदाशीतून आले. दुकानदार तिला ‘काटक’ म्हणून विकतात आणि ते खोटं नाही. साधारण ६.५ ते ८ सामू आणि १८ ते २८ अंश तापमान तिला चालतं. तरीही अनेक घरांत दर आठवड्याला एक-दोन मरतात. मग धास्तावलेला मालक काय करतो? अर्धं पाणी उपसतो, ताजं भरतो, फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतो. माझ्या मते बऱ्याच कोळंब्या नेमक्या या स्वच्छतेनेच मरतात. हिला कोणतं पाणी चालतं, याला मोठी मुभा आहे. ते किती झपाट्याने बदललेलं चालतं, याला फार थोडी.

याचं कारण तिच्या कवचात आहे. कवच वाढत नाही, म्हणून वाढायचं तर ते टाकावं लागतं. जुन्या कवचाखाली नवं, मऊ कवच तयार होतं. मग कोळंबी पाणी शोषून फुगते, पाठीवरची शिवण उकलते आणि ती एका झटक्यात बाहेर उसळते. मागे राहते ती पारदर्शक कात, मिशांपासून पायांच्या टोकांपर्यंत अख्खी. नवखा माणूस तिला मेलेली कोळंबी समजून काढून टाकतो. तसं करू नये. त्यातलं कॅल्शियम ती खाऊन परत मिळवते, बाकीचं कल्ल्यांवाटे पाण्यातून घेते. आता यात पाण्याचा खेळ पाहा. तिच्या शरीरातला द्रव भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असतो, त्यामुळे पाणी सतत आत शिरतं आणि ते बाहेर टाकत राहणं हे तिचं आयुष्यभराचं काम. निम्मं पाणी अचानक मृदू झालं की हा हिशेब कोलमडतो आणि नवं कवच तयार होण्याआधीच कात पडू लागते. मग डोक्याचं कवच आणि पोट यांच्या मधोमध पांढरी गोल रेघ दिसते आणि ती अडकलेली कोळंबी सहसा वाचत नाही. हा संबंध प्रयोगशाळेपेक्षा पाळणाऱ्यांच्या निरीक्षणातून जास्त पुढे आला आहे, हे मान्य. पण शरीरशास्त्राशी तो पुरता जुळतो.

आपल्याकडे ही अडचण दुप्पट होते. मुंबई-पुण्याचं धरणाचं पाणी मृदू, तर दख्खनच्या बेसाल्टमधलं बोअरचं बहुधा कठीण. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाला की एकाच नळातून आज एक आणि उद्या दुसरंच पाणी येतं. आरओचं पाणी वापरावं तर त्यात क्षार जवळपास नसतातच. क्षार मिसळल्याशिवाय ते कामाचं नाही.

यावर रास्त आक्षेप असा, की पाणी बदललंच नाही तर विष्ठेतला अमोनिया साठेल त्याचं काय? अमोनिया विषारी आहेच, आणि सामू वाढला की अधिक: २५ अंशांना त्याचा घातक अंश ७ सामूवर अर्धा टक्का असतो, तर ८ वर पाचेक टक्के. पण तो निपटणारे जिवाणू पाण्यात कमी आणि स्पंज-वाळूवर जास्त राहतात. ते अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं बऱ्याच सौम्य नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. स्पंज क्लोरीनच्या पाण्यात धुणारा हे कामगारच मारतो. तो टाकीतल्या उपसलेल्या पाण्यातच पिळावा. ही वसाहत जमायला महिनाभर तरी लागतो, तोवर टाकी कोळंबीशिवाय चालवावी. याच काळात पाना-दगडांवर जिवाणू-शेवाळाचा बुळबुळीत थर धरतो. तो घासून काढू नका, पिल्लांचं मुख्य अन्न तेच. पाणी कधीच बदलू नये असं मात्र नव्हे. बाष्पीभवनात क्षार मागे उरतात, म्हणून नुसती भर घालत राहिल्यास पाणी हळूहळू कठीण होत जातं. आठवड्याला दहावा हिस्सा, त्याच तापमानाचा, थेंबथेंब सोडलेला, एवढं पुरे.

‘पण माझ्या कोळंब्या पाणी न बदलताही मेल्या’ असंही कुणी म्हणेल. तेव्हा दोन गुन्हेगार आधी तपासावेत. एक तांबं. हिच्या रक्तात ऑक्सिजन वाहणारं हिमोसायनिन तांब्यावरच चालतं, तरी पाण्यात विरघळलेलं तांबं तिला मारतं आणि माशांच्या काही औषधांत ते असतं. दुसरा डासांचा स्प्रे. कोळंबी कीटकांची जवळची नातलग असल्याने त्यातलं पायरेथ्रॉइड कीटकनाशक माशांपेक्षाही तिला घातक. उकाड्याचंही भान हवं: २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात, म्हणून मे महिन्यात हवेचा पंप बंद ठेवू नये.

कोळंबी घेण्याआधी पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार मोजणारा एक साधा टीडीएस मीटर घ्या. तो कॅल्शियम किती हे सांगत नाही, पण पाणी बदललं का हे सांगतो. टाकीत ओतण्याआधी नळाचं पाणी मोजा, आणि आकडा टाकीतल्यापेक्षा फारच वेगळा आला तर त्या आठवड्यात पाणी बदलूच नका.