ब्रेक कॅलिपरची घरगुती दुरुस्ती : डिझेल दूरच ठेवा

बरेच शेतकरी बंधू भाजीपाला, दूध स्वतःच्या जीप किंवा पिकअपमधून बाजारात नेतात. या गाड्यांच्या पुढील चाकांना सहसा डिस्क ब्रेक असतात. ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढत असेल, एकच चाक जास्त तापत असेल किंवा चाकाच्या आतून ऑईल गळत असेल, तर कॅलिपर तपासावा.

कॅलिपरमध्ये पिस्टनभोवती रबरी सील असते. ब्रेक दाबल्यावर ते किंचित वाकते व पाय काढताच पूर्ववत होऊन पिस्टनला मागे घेते. सील कडक झाले किंवा पिस्टन गंजला की पिस्टन अडकतो. अशा वेळी पुष्कळदा सील किट बदलून काम भागते.

मात्र सुटे भाग डिझेलने धुण्याची सवय येथे घातक ठरते. डिझेल, पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑईल व साधे ग्रीस यांमुळे ब्रेकचे रबर फुगते आणि ब्रेक ऐन उतारावर दगा देतो.

एक पिस्टन असलेल्या कॅलिपरसाठी पुढीलप्रमाणे काम करावे :

१) गाडी सपाट जागी उभी करून मागील चाकांना दगड लावावेत. केवळ जॅकवर विसंबू नये, खाली भक्कम आधार द्यावा.

२) कॅलिपर सोडवून तारेने बांधावा, होजवर लोंबकळू देऊ नये. पॅड काढून पिस्टनसमोर लाकडी ठोकळा धरावा व पेडल सावकाश दाबून पिस्टन बाहेर आणावा. मध्ये बोटे घालू नयेत.

३) होज सोडून जुने सील लाकडी काडीने काढावे. सर्व भाग स्पिरिटने किंवा ताज्या ब्रेक ऑईलने धुवावेत. पिस्टनवर गंजाचे खड्डे असल्यास तो बदलावा.

४) नवे सील व पिस्टन ताजे ब्रेक ऑईल लावून हातानेच बसवावेत. होजच्या बोल्टला नवे तांब्याचे वॉशर घालावेत. पॅड व डिस्क कोरडी ठेवावी.

५) शेवटी निपलमधून हवा पूर्ण काढावी. पेडल दाबलेले असतानाच निपल उघडून बंद करावे.

ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते. डॉट-३ प्रतीचे ताजे ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. म्हणून उघड्या डब्यातील ऑईल वापरू नये.

दुसऱ्या बाजूचे सीलही त्याच वेळी बदलावे. रिकाम्या जागी हळू चालवून चाचणी घ्यावी. पेडल मऊ लागल्यास गाडी रस्त्यावर न नेता मिस्त्रीला दाखवावी. एबीएस असलेल्या गाडीचे काम मिस्त्रीकडेच द्यावे.