टिंबाखाली टिंब

दूध संकलन केंद्राचं दहा दिवसांचं बिल छापणारा छोटा प्रोग्रॅम मी पायथनमध्ये लिहीत होतो. सकाळचं दूध १.१ लिटर, संध्याकाळचं २.२. बेरीज यादीत टाकून यादी छापली, तर ३.३ च्या जागी उमटलं ३.३००००००००००००००३.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा ०.३३३ करत संपत नाही, तसा संगणकाच्या द्विमान पद्धतीत एक दशांश संपत नाही. कुठेतरी तोडावा लागतो, आणि तोडल्याची खूण कधीकधी बेरजेत दिसते.

अख्ख्या यादीला ‘दोन दशांश’ असं बजावता येत नाही. पायथन त्रुटी दाखवून थांबतो. एकेक संख्या घेऊन तिला साचा द्यायचा : कोलन, आठ, टिंब, दोन, एफ. दोन म्हणजे टिंबानंतरचे अंक, आठ म्हणजे एकूण जागा. ही जागा दिली नाही तर ९.५० आणि ११२.७५ दोन्ही डाव्या कडेला चिकटतात. दिली की उजवीकडे सरकून टिंबाखाली टिंब येतं, आणि नजर रकान्यावरून सरळ खाली उतरते.

नावांनी मात्र दमवलं. कदम आणि पाटील, दोन्ही तीन अक्षरी. पण पायथन काना-वेलांटी वेगळी मोजतो, म्हणून ‘पाटील’ त्याच्या लेखी पाच. पुढचे आकडे ओळीओळीला हलायचे. शेवटी नावाचा रकाना उजवीकडे, सगळ्यात शेवटी नेला.

खरा प्रश्न बेरजेचा होता. २.२ लिटर, दर ३४.५२ : रक्कम ७५.९४४. छापताना ७५.९४. अशा तीन ओळींची बेरीज कागदावर २२७.८२ होते, पण प्रोग्रॅम आतल्या पूर्ण आकड्यांवरून २२७.८३ छापतो. साचा फक्त दिसणं बदलतो, आतली संख्या तशीच राहते. एक पैसा म्हणून मला तो सोडवेना. बिल हातात घेणारा माणूस कागदावरचे आकडे मिळवतो; त्याची बेरीज जुळलीच पाहिजे.

मग द्विमानात साठवणारा फ्लोट हा संख्याप्रकार सोडून दशमानात मोजणारा डेसिमल घेतला. त्यात लिटर आणि दर संख्या म्हणून न देता मजकूर म्हणूनच भरले, म्हणजे १.१ हा १.१ च राहतो. प्रत्येक ओळ आधी पैशापर्यंत पक्की केली, अर्धा पैसा आला तर वर, आणि त्या पक्क्या रकमाच मिळवल्या. पुन्हा छापलं, पेन घेऊन वरून खाली मोजलं : २२७.८२.