पडदा बिघडला म्हणजे संगणक बिघडला असे नव्हे

लिनक्स ही संगणक-प्रणाली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केली. ती विनामूल्य मिळते व जुन्या संगणकावरही चालते. म्हणून होतकरू विद्यार्थ्यांना ती फार उपयोगी आहे. परंतु पडद्यावर अक्षरे नीट दिसेनाशी झाली, की संगणकच बिघडला असे आपण समजतो. आमच्या अभ्यासिकेतील एक संगणक असाच दोन महिने कापडाखाली झाकून पडला होता. ऐन परीक्षेच्या दिवसांत मुलांची गैरसोय झाली. दोष यंत्रात नव्हताच, तो पडद्याच्या सेटिंगमध्ये होता.

लिनक्समध्ये चित्रे व माऊस नसलेला, केवळ अक्षरांचा एक पडदा असतो. त्याला टेक्स्ट कन्सोल म्हणतात. कंट्रोल, ऑल्ट व एफ-३ ही बटणे एकदम दाबली की तो बहुधा समोर येतो. त्यातील नेहमीच्या तक्रारी व उपाय असे. आज्ञा अर्थातच इंग्रजी लिपीत टाइप करावयाच्या आहेत.

१) अक्षरे फार बारीक दिसणे : पूर्वीच्या कन्सोलवर ८० रकाने व २५ ओळी असत. १९२० बाय १०८० बिंदूंच्या पडद्यावर ८ बाय १६ बिंदूंचे अक्षर घेतले, तर २४० रकाने व ६७ ओळी होतात. मग डोळ्यांना ताण पडणारच. डेबियन किंवा उबुंटू असल्यास ‘सुडो डीपीकेजी-रिकॉन्फिगर कन्सोल-सेटअप’ ही आज्ञा द्यावी. येणाऱ्या यादीतून टर्मिनस हा फॉन्ट व १६ बाय ३२ हा आकार निवडावा.

२) अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे उमटणे : मजकुराची नसलेली फाइल चुकून पडद्यावर उघडली, की तिच्यातील एखादे नियंत्रक चिन्ह अक्षरसंच बदलून टाकते. अशा वेळी न घाबरता ‘रिसेट’ टाइप करून एंटर दाबावे. टाइप केलेले नीट दिसले नाही तरी आज्ञा पोहोचते.

३) सुरू होताना पडदा काळा पडणे : प्रथम वायर तपासावी. ती ठीक असल्यास ग्राफिक्स कार्ड व प्रणाली यांचा मेळ बसत नसण्याचा संभव असतो. सुरुवातीच्या ग्रब मेनूत ‘ई’ दाबावे. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ हा शब्द सलग लिहावा व एफ-१० दाबावे. हा बदल त्या वेळेपुरताच टिकतो. पडदा दिसू लागला की कार्डाचा योग्य ड्रायव्हर बसवावा.

४) मराठी न दिसणे : कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात व जोडाक्षरे जुळवण्याची सोय त्यात नसते. हा बिघाड नसून मर्यादा आहे. मराठी मजकूर चित्रमय पडद्यावरच वाचावा.

विद्यार्थी मित्रांनो, एका वेळी एकच बदल करा व तो वहीत टिपून ठेवा. कारण शोधल्याशिवाय कोणतेही यंत्र निकामी ठरवू नका.