जुनी मोटार: दुरुस्त करावी की बदलावी?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बाजारात न मिळणारा सुटा भाग अनेकदा लेथवर घडवून मिळतो. त्यामुळे प्रश्न उरतो तो परवडण्याचा.

समजा, इंजिनकामाला ४०,००० रुपये लागतील आणि गाडी आणखी ४ वर्षे चालेल. आज ती विकून २०,००० रुपये आले असते. तेही खर्चात धरू. म्हणजे वर्षाला १५,००० रुपये. नवी गाडी ६ लाखांना घेऊन १० वर्षांनी १ लाखाला विकली, तर वर्षाला ५०,००० रुपये पडतात. इंधन, विमा व किरकोळ दुरुस्ती दोन्हीकडे मिळवावी. मागे झालेला खर्च मात्र धरू नये. कोणताही निर्णय घेतला तरी तो परत येत नाही.

या हिशेबाला एक मर्यादा आहे. क्लच, ब्रेक, पिस्टन झिजले तर बदलता येतात. बहुतेक आधुनिक मोटारींत पत्र्याचा सांगाडाच भार पेलतो. पावसाळी ओलाव्याने तो आतून गंजला, की टक्कर सोसण्याची ताकद घटते. तेव्हा स्वस्त दुरुस्तीही महागच.

विद्यार्थ्यांना घरच्या वाहनाचा असा तक्ता मांडायला सांगावा. पण आधी तळाचा पत्रा तपासून घ्यायला सांगावे.