देव नाही, मग काय आहे? निरीश्वरवाद आणि निसर्गवादाची ओळख

आजच्या विषयाचं नाव जरा जड आहे, पण विषय रोजच्या जगण्यातला आहे. म्हणून सुरुवात आपण एका आजारापासून करू.

मराठीत एका रोगाचं नावच 'देवी' आहे. साठी ओलांडलेल्या पुष्कळांच्या दंडावर देवीच्या लसीचा वण आजही दिसतो. या रोगाला हे नाव का पडलं? तर अंगावर फोड उठणं म्हणजे प्रत्यक्ष शितळादेवीचं येणं, अशी समजूत होती. 'देवी आल्या' असंच म्हणत. मग रोग्याच्या उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवायचा, देवीला नैवेद्य दाखवायचा, तिचा कोप होईल असं घरात काही करायचं नाही.

तापलेल्या लेकरापाशी बसलेल्या त्या आईला आपण हसायचं का? मुळीच नाही. तिच्या हातात जी माहिती होती, तिच्यावर ती चालत होती. पण एक गोष्ट लक्षात घ्या. कारण काय मानलं, यावर उपाय ठरतो. देवी कोपली असेल तर उपाय एकच, तिची मनधरणी. लस टोचली तर देवी आणखी कोपेल, या भीतीने कित्येकांनी लस नाकारली.

१७९६ साली एडवर्ड जेन्नर या इंग्लिश डॉक्टरने गाईंच्या देवीचा द्रव एका मुलाला टोचून पाहिला आणि माणसांच्या देवीपासून त्याचं संरक्षण होतं हे दाखवलं. १८०२ साली ती लस मुंबईत पोचली, भारतातली पहिली लस इथेच टोचली गेली. पुढे कळलं की हा रोग एका विषाणूचा आहे, तो माणसाकडून माणसाकडे जातो आणि माणूस सोडून दुसऱ्या कुठल्या प्राण्यात तो तग धरत नाही. या शेवटच्या गोष्टीमुळेच त्याचा समूळ नायनाट शक्य झाला. घरोघर जाऊन रोगी शोधायचा, त्याला वेगळा ठेवायचा, त्याच्या संपर्कातल्या सगळ्यांना टोचायचं. १९७५ च्या मे महिन्यात भारतातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं.

आता मूळ विषयाकडे येऊ. दोन शब्द आपण वेगळे करून घेऊ, कारण त्यांचा फार गोंधळ होतो.

निरीश्वरवाद म्हणजे ईश्वर आहे असं न मानणं. बस, एवढंच. हा एका प्रश्नाला दिलेला एक नकार आहे. निरीश्वरवादी माणूस पत्रिकेवर किंवा पुनर्जन्मावर विश्वास ठेवू शकतो. जैन दर्शनात जगाचा निर्माता ईश्वर नाही, पण कर्म आणि पुनर्जन्म आहेत. पूर्वमीमांसेला सृष्टिकर्ता लागत नाही, पण वेद प्रमाण आहेत. गंमत म्हणजे, आपल्या परंपरेत 'नास्तिक' म्हणजे देव न मानणारा नव्हे, तर वेदांचं प्रामाण्य न मानणारा. म्हणून ईश्वराविना चालणारं सांख्य दर्शन आस्तिक आणि बौद्ध, जैन, चार्वाक हे नास्तिक! तेव्हा देव नाकारणं ही काही परदेशातून आलेली फॅशन नाही.

निसर्गवाद याच्या पुढे जातो. तो म्हणतो, जे काही आहे ते निसर्गातच आहे, आणि निसर्गातल्या घटनांची कारणंही निसर्गातच आहेत. बाहेरून कोणी हात घालत नाही. देव गेला आणि त्याच्या जागी ग्रहांची साडेसाती आली, तर निसर्गवादाच्या दृष्टीने काहीच बदललं नाही.

तुम्ही म्हणाल, हे सिद्ध झालंय का? गणितातल्या प्रमेयासारखं नाही, हे आपण मोकळेपणाने मान्य करू. हा एक अंदाज आहे, पण अनुभवावर उभा असलेला. असं बघा, एखादे सर्जन रोज पूजा करून दवाखान्यात जातात. पण रक्तस्राव थांबत नसेल, तर ते फुटलेली रक्तवाहिनीच शोधतात ना? कामापुरते आपण सगळेच निसर्गवादी असतो. आणि वीज, ग्रहण, भूकंप, देवी, अपस्मार, जिथे जिथे खरं कारण सापडलं, तिथे तिथे ते निसर्गातलंच निघालं. उलट दिशेचा प्रवास, म्हणजे आधी विषाणू वाटला आणि नंतर देवीचा कोप ठरला, असा एकदाही झालेला नाही. ज्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही तिथे 'माहीत नाही' म्हणावं. 'माहीत नाही, म्हणून देव' असं म्हणू नये.

मग नीतीचं काय? वरून बघणारा कोणी नसेल तर माणूस चांगलं का वागेल? प्लेटोने फार पूर्वी एका संवादात विचारलेला प्रश्न इथे उपयोगी पडतो. एखादी गोष्ट देवांना आवडते म्हणून चांगली, की चांगली आहे म्हणून देवांना आवडते? आवडते म्हणून चांगली असेल, तर उद्या क्रूरपणा आवडला की तोही चांगला ठरेल. आणि मुळातच चांगली असेल, तर चांगुलपणा देवावर अवलंबून नाही. शेजाऱ्याचं दुःख आपल्याला कळतं, आपल्याशी कोणी कसं वागावं हेही कळतं. नीतीचा पाया इथेच आहे.

या दृष्टिकोनाची किंमतही सांगितली पाहिजे. गेलेलं माणूस पुन्हा कुठे तरी भेटेल, हा आधार निसर्गवाद देत नाही. तो आधार फार मोठा आहे, आणि दुःखात असलेल्याच्या हातून तो हिसकावून घेणं हे काही आपलं काम नाही. पण दुसरी बाजूही बघा. लेकरू दगावल्यावर त्या आईच्या मनात काय येत असेल? 'माझं काय चुकलं? देवी का कोपली?' विषाणूला राग येत नाही. तो कोणाचं पाप मोजत नाही. 'बाई, तुझं काही चुकलं नव्हतं,' हे निसर्गवाद तिला पूर्ण खात्रीने सांगू शकतो.

आणि चूक कोणाची नसली तरी काम मात्र आपलंच असतं. देवीचं निर्मूलन करायला आकाशातून कोणी उतरलं नाही. लस घेऊन पायी गावोगाव हिंडणाऱ्या माणसांनी ते केलं. त्यांत श्रद्धाळू होते, नास्तिकही असतील. सुई टोचताना सगळ्यांनी एकच कारण मानलं होतं, आणि ते कारण खरं होतं.

आता प्रश्न घेऊ. ज्यांना हे पटलेलं नाही, त्यांनी आधी विचारावेत.