ब्लाइंड्सची ऑर्डर आणि आईची झोप

पझेशन मिळालेल्या किंवा मिळणार असलेल्या बऱ्याच जणांनी खिडक्यांबद्दल विचारलं होतं, म्हणून आजचा एपिसोड ब्लाइंड्सवर. बोलताना मी आकडे भराभर सांगून टाकलेत, ते इथे नीट वाचता येतील. मी इंटिरिअरवाला नाही, दिवसभर कोड लिहिणारा माणूस आहे. पण या विषयात एक चूक पैसे भरून केली आहे, त्यामुळे थोडं बोलायचा हक्क आहे असं समजतो.

आमचा फ्लॅट पुण्यात, पुनावळ्याला. माझी आई नर्स आहे आणि महिन्यातले बरेच दिवस तिची नाइट ड्यूटी असते. सकाळी साडेआठला घरी येते, चहा घेते, नऊला झोपते. जुन्या घरात तिची खोली आतल्या बाजूला होती, अंधारी. नव्या घरात तिला पूर्वेची बेडरूम मिळाली. सगळे म्हणाले, छान, कोवळं ऊन येतं. आता जी बाई सकाळी नऊला झोपते तिने कोवळ्या उन्हाचं काय करायचं?

म्हणून तिच्या खोलीला ब्लॅकआउट रोलर ब्लाइंड मागवला. कापड एक नंबर, त्यातून टॉर्चचा उजेडही पलीकडे जात नव्हता. फिटिंगवाले दादा लावून गेले, मी खूश. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कॉलमध्ये असताना आई बाहेर आली, डोळे लाल. म्हणाली, "अरे, पडदा लावलास ते ठीक, पण उजेड बाजूने येतोय. बरोब्बर तोंडावर." आत जाऊन बघितलं तर दोन्ही कडांना उजेडाच्या दोन उभ्या पट्ट्या, ट्यूबलाइट लावल्यासारख्या.

काय झालं होतं ते आधी सांगतो, कारण सगळा एपिसोड त्यातूनच निघतो.

खिडकीची रुंदी मी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजली होती. वर १५०२ मिलिमीटर, मध्ये १४९६, खाली १४९१. नवीन बिल्डिंग असली तरी भिंत हातानेच बांधलेली असते, त्यामुळे चौकट काटकोनात असेलच असं नाही. चौकटीच्या आत ब्लाइंड बसवायचा तर सगळ्यात कमी रुंदी धरतात, नाहीतर तो अडकतो. म्हणून मी १४९१ धरली, आणि 'सहज फिरायला जागा हवी' म्हणून मनानेच १० कमी केले. दुकानात १४८१ लिहून दिलं.

पण चौकटीच्या आत बसवायचं माप दिलं की कारखाना स्वतःच वजावट करतो. त्यांनी माझे १४८१ हे चौकटीचं माप समजून आणखी ५ कमी केले. म्हणजे कंसापासून कंसापर्यंत ब्लाइंड झाला १४७६. त्यात एका बाजूला चेनची यंत्रणा, दुसऱ्या बाजूला पिन. त्यामुळे कापड कंसांमधल्या मापापेक्षाही अरुंद असतं, आमचं ३५ मिलिमीटरने कमी होतं. कापड उरलं १४४१. वर चौकट १५०२. फरक ६१, प्रत्येक बाजूला तीस.

आता यातले माझ्या शहाणपणाचे फक्त १० होते. मी अगदी बरोबर माप दिलं असतं तरी प्रत्येक बाजूला पंचवीसेक मिलिमीटरची फट राहिलीच असती. म्हणजे मूळ चूक टेपची नव्हतीच. अंधार हवा असलेल्या खोलीत ब्लाइंड चौकटीच्या आत बसवायचं ठरवलं, तिथेच गडबड झाली होती. दुकानात तासभर आम्ही कापडाचे रंग बघत होतो. आत की बाहेर, हा प्रश्न ना त्यांनी विचारला ना मी.

म्हणून कॅटलॉग उघडायच्या आधी प्रत्येक खोलीत उभं राहून विचारा, या खिडकीकडून मला नक्की काय हवंय? अंधार, गारवा, आडोसा की नुसतं छान दिसणं? चारही उत्तरांना वस्तू वेगळी लागते.

आमच्या हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी आहे. वर दोन फुटी छज्जा. पझेशनच्या वेळी साइटवरचे इंजिनिअर म्हणाले होते, छज्जा आहे ना, ऊन येणार नाही. दुपारी बाराला येत नाही, खरंय. पण मे महिन्यात पुण्यात संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून साधारण २५ ते ३० अंशांवर असतो. शाळेतली त्रिकोणमिती लावा, दोन फुटी छज्ज्याची सावली काचेवर जेमतेम एक फूट उतरते. बाकी खिडकी उघडी. पश्चिमेच्या उन्हाला छज्जा पुरत नाही.

आणखी एक गंमत. आम्ही राहायला आलो डिसेंबरात. माझ्या उत्तरेच्या खोलीत तेव्हा उन्हाचा कवडसासुद्धा नव्हता, म्हणून तिथे काहीच लावलं नाही. एप्रिलच्या शेवटी संध्याकाळी लॅपटॉपवर तिरकं ऊन! आपल्याकडे जूनमध्ये सूर्य मावळतो तो बरोबर पश्चिमेला नाही, जवळजवळ २५ अंश उत्तरेकडे सरकून. डिसेंबरात तेवढाच दक्षिणेकडे. म्हणजे उत्तरेच्या खिडकीत उन्हाळ्यातच ऊन येतं, नको तेव्हा. फोनमध्ये सूर्याचा मार्ग दाखवणारी फुकट ॲप्स आहेत, खिडकीत उभं राहून तारीख बदलून बघा. दहा मिनिटांचं काम.

आता गारव्याबद्दल. आतून लावलेला कुठलाही ब्लाइंड उष्णता थांबवण्यात अर्धवटच असतो. ऊन काचेतून आत आलेलं असतं, ते कापड शोषतं, तापतं आणि ती उष्णता खोलीतच सोडतं. काचेच्या बाजूला पांढरा किंवा चंदेरी थर असेल तर काही ऊन परत बाहेर फेकलं जातं, तेवढा फरक पडतो. गडद तपकिरी ब्लाइंडला मेमध्ये हात लावून बघा, तव्यासारखा लागतो. आपल्या आजी-आजोबांना हे माहीत होतं. वाळ्याचे पडदे आणि बांबूची चीक बाहेरून, व्हरांड्याला लावायचे. ऊन काचेपर्यंत पोचूच द्यायचं नाही. तुमच्या पश्चिमेला बाल्कनी असेल आणि सोसायटी परवानगी देत असेल, तर तिथली बांबूची चीक आतल्या महागड्या ब्लाइंडपेक्षा जास्त कामाची. आमच्या सोसायटीने बाहेरून दिसणारं काहीही लावायला मनाई केलीय. त्यामुळे आम्ही पांढऱ्या पाठीच्या कापडावर भागवलं.

हॉलसाठी घेतलं सनस्क्रीनचं कापड. त्यावर टक्केवारी असते, १, ३, ५, १०. ही म्हणजे विणीतल्या भोकांची टक्केवारी. ५ टक्क्यांत बाहेरचं बऱ्यापैकी दिसतं, १ टक्क्यात अंदाजच. रंगाचा उलटा नियम आहे. गडद स्क्रीनमधून बाहेरचं जास्त स्वच्छ दिसतं, फिकट रंग उष्णता जास्त परतवतो पण उन्हात स्वतःच चमकतो आणि बाहेरचं धूसर होतं.

पण दुकानात सहसा दिवसा जातो आपण, त्यामुळे रात्रीचं कोणी दाखवत नाही. दिवसा बाहेर उजेड, आत कमी, म्हणून बाहेरच्याला आतलं दिसत नाही. रात्री आत दिवे लागले की सगळं उलटं. एकदा मी पार्किंगमधून सहज वर बघितलं, तर हॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालणारी आई मला व्यवस्थित ओळखू येत होती, ब्लाइंड पूर्ण खाली असताना. समोरच्या टॉवरला तर सिनेमाच. रात्रीचा आडोसा हवा असेल तर नुसतं स्क्रीन पुरत नाही. मागे साधा पडदा लावा किंवा झेब्रा घ्या. झेब्रात जाळीदार आणि जाड पट्टे आलटून पालटून असतात, ते एकमेकांवर सरकवून उजेड कमी-जास्त करता येतो. मात्र झेब्राला ब्लॅकआउट म्हणून विकत असतील तर हसून पुढे चला. पट्ट्यांच्या जोडातून उजेड झिरपतोच.

किचनमध्ये कापड लावूच नका, फोडणीचा तेलकट थर बसतो आणि तो निघत नाही. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या किंवा काचेला फ्रॉस्टेड फिल्म. बस.

आता भिंत. ब्लाइंड बाहेरून, म्हणजे चौकटीच्या वर बसवायचा तर ड्रिल कशात होणार हे माहीत हवं. खिडकीच्या डोक्यावर काँक्रीटचा लिंटेल असतो, तिथे पकड उत्तम. पण तो कडेला थोडाच पुढे जातो. त्यापलीकडे हल्लीच्या बिल्डिंगमध्ये बहुतेक वेळा एएसी ब्लॉक असतात, हलके आणि ठिसूळ. त्यात साधा प्लास्टिकचा गिट्टा ढिला होतो आणि चार महिन्यांनी ब्लाइंड हातात येतो. त्यासाठीचे वेगळे अँकर मिळतात, ते मागून घ्या. मायवन शटरिंगची बिल्डिंग असेल तर भिंतच अख्खी काँक्रीटची. तिथे हॅमर ड्रिल हवं, आणि आत वायरिंगचे पाइप कुठून गेलेत ते बिल्डरकडच्या ड्रॉइंगमध्ये बघून घ्या. चौकटीला ग्रॅनाइट असेल तर त्यात भोक पाडायचा हट्ट करू नका, कोपरा उडतो.

चौकटीच्या आत बसवणार असाल तर खोली मोजा. स्लायडिंगचं हँडल, मच्छरजाळीचा ट्रॅक आणि ग्रिल आतून असेल तर ते, यांच्यापुढे ब्लाइंडला जागा उरते का? जाळी सरकवताना कापडाला घासली की वर्षभरात कड विस्कटते.

आणि हे सगळं शेवटचा रंग, एसी आणि फर्निचर झाल्यावर. माझ्या मित्राने वॉर्डरोबच्या आधी ऑर्डर दिली, आता त्याचा ब्लाइंड वॉर्डरोबच्या दारावर आपटतो.

मापाबद्दल एक भानगड. फिटिंगवाले दादा इंच आणि सुतात बोलतात. एका इंचात आठ सूत, म्हणजे एक सूत जवळपास ३ मिलिमीटर. कारखाना मिलिमीटरमध्ये कापतो. दुकानदार फुटांमध्ये बिल करतो. तीन भाषांमध्ये एक आकडा फिरला की काय होतं हे सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको. म्हणून सगळं स्टीलच्या टेपने मिलिमीटरमध्ये, आणि तोंडी काही नाही. दुसऱ्या वेळी मी व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज असा होता: "आईची बेडरूम, पूर्व. बाहेरून बसवायचा. कापडाची तयार रुंदी १७००, तयार उंची १५५०. यातून काहीही वजा करू नये. चेन उजवीकडे. कृपया हेच आकडे ऑर्डर फॉर्मवर लिहून फोटो पाठवा." फोटो आला, त्यात उंची १५०० लिहिली होती. दुरुस्त करून घेतली, मगच ॲडव्हान्स दिला. ही वस्तू तुमच्या मापाने कापली जाते, परत घेत नाहीत. आणि त्यात दुकानदाराची लबाडी नाही, ते कापड दुसऱ्या कोणाच्या खिडकीला बसणारच नाही.

१७०० का, तर चौकट १५०० आणि दोन्ही बाजूंना १०० जास्त. वरही १२० मिलिमीटर वर घेतला, कारण पाइपच्या मागून उजेड छताकडे फेकला जातो.

एक गोष्ट जी कोटेशनमध्ये नव्हतीच. माझी भाची दोन वर्षांची आहे. ती आली की पहिला मोर्चा लोंबणाऱ्या चेनकडे. मण्यांच्या चेनचा फास मुलांच्या गळ्यात अडकून जीव गेल्याच्या घटना जगभर झाल्या आहेत. अमेरिकेत जून २०२४ पासून लागू झालेल्या स्टँडर्डमध्ये अशा मोकळ्या लोंबणाऱ्या दोऱ्यांवर बंदीच आहे. उपाय अगदी साधा. चेन भिंतीला ताणून धरणारा प्लास्टिकचा क्लिप मिळतो, तो स्क्रूने पक्का करायचा. आणि खिडकीखाली बेड किंवा पाळणा ठेवायचा नाही. मी दुकानात मागितला तर ड्रॉवरमधून मूठभर काढून दिले, फुकट. म्हणजे होते त्यांच्याकडे. घरात लहान मूल असो वा नसो, लावून घ्या, पाहुणे येतातच.

मोटरवाल्या ब्लाइंडबद्दल पुष्कळ मेसेज होते. हात पोचत नाही अशी उंच खिडकी असेल तर जरूर घ्या. पण वायरवाली मोटर हवी असेल तर खिडकीच्या वर पॉइंट इलेक्ट्रिकच्या कामाच्या वेळीच काढावा लागतो. नंतर बॅटरीवाली घेऊन चार्ज करत बसा. मी घेतली नाही. ईएमआय चालू आहे, आणि चेन ओढायला मला तरी आळस येत नाही. (गॅजेटवाला माणूस असं म्हणतोय म्हणून मित्र हसतात.)

पैशांचं सांगतो. ब्लॅकआउट कापडाचा मला मिळालेला दर चौरस फुटाला १६० रुपये. आईचा पहिला ब्लाइंड २२ चौरस फुटांचा, ३५२० रुपये. दुसरा २८ च्या थोडा वर, साधारण ४५४० रुपये. टॅक्स आणि फिटिंग वेगळं. लहान खिडक्यांना काही दुकानं ठरावीक किमान फूट लावतात, म्हणजे बाथरूमच्या खिडकीलाही मोठ्या खिडकीचे पैसे. आधी विचारा.

पहिला ब्लाइंड वाया नाही गेला. रोलर अरुंद करता येतो, पाइप आणि कापड दोन्ही कापून. ४०० रुपयांत तो माझ्या उत्तरेच्या खिडकीला बसवला, एप्रिलचं ते तिरकं ऊन आता तिथे अडतं. नवीन लावला त्या आठवड्यात आईच्या सलग चार नाइट होत्या. पहिल्या दिवशी ती दुपारी तीनपर्यंत उठली नाही, तर मीच घाबरून दार ढकललं. आत मिट्ट काळोख. आतून आवाज आला, "दार लाव रे, उजेड येतोय."