फुलं हवीत, शिंका नकोत!

श्रावण लागला की घरात दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे पूजेची फुलं आणि दुसरी म्हणजे शिंका. उठल्याबरोबर सात-आठ शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांची आग, टाळूला खाज. मग कुणीतरी निकाल देऊन मोकळं होतं, "ती फुलं आधी बाहेर ठेवा!"

माझ्या धाकट्या जावेचं हेच झालं. लग्न होऊन आली तेव्हा रोज केसांत काहीतरी माळणारी ही मुलगी. दोन वर्षांत तिने फुलांना हात लावणंच सोडलं. सत्यनारायण असो की हळदीकुंकू, ही नाकाला पदर लावून दाराशी उभी. "नाजूकपणा जरा जास्तच आहे हिचा," असं कुजबुजणाऱ्या बायकाही होत्याच. शेवटी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी हातावर टोचून चाचणी केली. निघालं काय, तर गवताचे पराग, गाजर गवत आणि गादीतल्या धुळीतले सूक्ष्म किडे. गुलाबावर राग धरायचं काही कारणच नव्हतं!

या दुखण्याला इंग्रजीत 'हे फीव्हर' म्हणतात, म्हणजे गवताचा ताप. गंमत अशी की त्यात ताप नसतो. जॉन बॉस्टॉक नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी 1819 मध्ये स्वतःच्याच त्रासाचं वर्णन केलं. पुढे चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवर प्रयोग करून 1873 मध्ये दाखवून दिलं, की गुन्हेगार आहेत गवताचे पराग. गवताचं परागीभवन वाऱ्यावर होतं, म्हणून त्याचे पराग हलके आणि चिक्कार. आपली रंगीत, सुवासिक फुलं मात्र मधमाश्या-फुलपाखरांसाठी नटलेली असतात. त्यांचे पराग जड नि चिकट, ते सहसा हवेत उडत नाहीत. दोघांचा हंगाम मात्र एकच पडतो, आणि डोळ्यांना दिसतं ते फूल. गवताकडे कोण बघतंय?

तरी सगळीच फुलं निर्दोष नाहीत हं. झेंडू, शेवंती, अ‍ॅस्टर, जरबेरा ही गाजर गवताच्याच कुळातली. ज्यांना गाजर गवताचं वावडं आहे, त्यांना यांचाही त्रास होऊ शकतो. कुणाकुणाच्या तर हातावर पुरळ उठतं. अशा घरात दसऱ्याचं तोरण दाराबाहेरच शोभू द्यावं, आणि ते ओवायचं काम दुसऱ्या कुणीतरी करावं. (नवऱ्यांना सुई-दोरा चालतो, मी पाहिलंय!) फुलदाणीसाठी भरगच्च पाकळ्यांचे गुलाब, कार्नेशन, दुहेरी निशिगंध घ्यावेत. दुहेरी फुलात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे पराग कमी. ऑर्किड तर फारच गुणी. त्याच्या परागांचा घट्ट गोळाच असतो, तो उडत नाही. लिली आणली तर मधले तपकिरी परागकोश उमलल्या उमलल्या ओल्या कापसाने काढून टाकावेत. कपड्यांवरचे डागही वाचतात.

वास ही वेगळीच भानगड. निशिगंध, सोनचाफा, मोगरा यांच्या उग्र वासानेही काहींचं नाक वाहतं. ती अ‍ॅलर्जी असतेच असं नाही, नाकाला वासच सोसत नाही. गजरा हौसेने माळावा, पण रात्री उशाशी ठेवून खोली बंद करून झोपू नये.

आणि फुलदाणीतलं पाणी! चार-चार दिवस तेच पाणी, बुडाला शेवाळ, कुजलेले देठ. तिथे बुरशी धरते आणि तिनेही शिंका येतात. पाणी रोज बदलावं, पाण्यात बुडणारी पानं खुडावीत. निर्माल्य त्याच दिवशी कुंडीतल्या मातीत घालावं, पिशवीत भरून देवघराच्या कोपऱ्यात साठवू नये. गणपतीच्या दूर्वाही शेवटी गवतच की! तुरे आलेल्या दूर्वा घेऊ नयेत. आपल्याकडे कोवळ्या दूर्वाच वाहायची पद्धत आहे, तीच बरी. निवडायच्या आधी पाण्यातून काढाव्यात.

औषधाच्या बाबतीत एकच सांगते. शेजारणीने दिलेली शिंकांची गोळी घेऊन स्कूटरवर बसू नका, काही गोळ्यांनी चांगलीच झोप येते. छातीत घरघर किंवा धाप लागत असेल तर फुलं बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

आमच्या बचत गटातल्या एका ताईंचा तर हा पोटाचाच प्रश्न होता. देवळाबाहेर हार विकायच्या, झेंडू-शेवंतीच्या ढिगात दिवसाचे आठ तास. "फुलं सोडली तर खाऊ काय, ताई?" असं विचारलं त्यांनी. आता त्या गुलाब-निशिगंधाचे हार ओवतात, झेंडूचं काम सून करते, तेही फुलांवर पाणी शिंपडून, उघड्यावर बसून आणि तोंडाला ओला रुमाल बांधून. गुलाबाला भांडवल जास्त लागतं, म्हणून गटाने त्यांना अंतर्गत कर्ज दिलं. हप्ते वेळेवर येताहेत.